आप्पांचे पाय, कमरेचा एमआरआय आणि मांडीतून गेलेली नळी

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. पाच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, लिहायचा कंटाळा. पण आमच्या आप्पांचं (वडील, वय ६३, सगळं आयुष्य केळीत गेलं) जे झालं ते एकदा लिहून काढतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

दोन आखाजींपूर्वीची (अक्षय्य तृतीया हो) गोष्ट. घरापासून मळा दीड किलोमीटर, आप्पा रोज पायी. एक दिवस म्हणाले पाय जड पडतात, अर्ध्या रस्त्यात बसावं लागतं, बसलं की दहा मिनिटांत पुन्हा मोकळे. आम्ही म्हटलं वय झालं, त्यात रावेरचं ऊन. मग पावसाळ्यात एकदा चिखल तुडवत घरी आले तर एका पायात चप्पलच नाही. आई ओरडली तेव्हा त्यांनी खाली बघितलं. चप्पल मागे बांधावर निघून पडलेली आणि माणसाला पत्ता नाही. आम्ही सगळे हसलो हो तेव्हा.

दिवाळीनंतर कमरेचा एमआरआय केला. रिपोर्ट आला, चौथ्या-पाचव्या मणक्यात गादी सरकलीय, नस दबलीय. झालं, सगळ्यांचं समाधान. पट्टा, वजनं लावणं, शेक, गोळ्या, मधे एक तेलवाला पण झाला. हिवाळ्यात लघवी अडखळायला लागली तर ते प्रोस्टेट म्हणून त्याची गोळी वेगळी, पोट साफ होईना म्हणून चूर्ण वेगळं. एका माणसाचा एक आजार तीन खात्यांत वाटला गेला आणि आम्ही तिन्हीकडे फी भरत राहिलो.

ह्या आखाजीला जिना चढणं बंद. मग एके ठिकाणी (नाव लिहिणार नाही, व्यक्तिगत निरोप करून विचारू पण नका) सांगितलं की तीन दिवस स्टेरॉइडचं सलाईन लावू, नसेची सूज उतरेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाथरूमला न्यायला उठवलं तर दोन्ही पाय कापसाच्या बोंडासारखे मऊ, उभंच राहता येईना. आप्पा घाबरले की अहिराणीवर येतात. माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, ह्या पाय मन्हा नही शेतस."

रातोरात गाडी काढून नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे. त्यांनी काही मशीन लावलं नाही. खिशातली किल्ली काढली आणि तळपायाला टाचेकडून बोटांकडे ओरखडा काढला, तर अंगठा वर उठला. मग पोटावर टाचणी टोचत टोचत वर आले, बेंबीपर्यंत आप्पांना धड कळतच नव्हतं. म्हणाले हे कमरेचं नाही, कमरेतली गादी पोटाला बधिर करत नाही. मग आमची तीच जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बोट ठेवलं अगदी वरच्या कडेला, जिथे चित्र कापलं जातं तिथे. मज्जारज्जूचं शेवटचं टोक तिथे पांढुरकं दिसत होतं आणि त्याच्या मागे मुंग्यांची रांग लागावी तसे बारीक काळे ठिपके. दीड वर्षं ती फिल्म आमच्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होती.

मग मधल्या पाठीचा एमआरआय, मग अँजिओग्राफी, आणि दोन दिवसांनी मांडीतून नळी घालून रक्तवाहिन्यांची आतली चुकीची जोडणी बंद केली. पाठीला टाका नाही. याला आता सहा आठवडे झालेत. आप्पा वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात, लघवीला अजून नळी आहे. विचारायचं एवढंच की कुणाच्या घरी असं झालंय का आणि पाय किती दिवसांत येतात?

भरीत_पुरी

वाचून काटा आला भाऊ. आमच्याकडे पण "नस दबली" हे एकच निदान आहे, डोक्यापासून टाचेपर्यंत. आप्पांना नमस्कार सांगा.

नसांचा_प्लंबर

केळीबागदादा, मी मूळ अमळनेरचा, सध्या मेंदू आणि मणक्याच्या रक्तवाहिन्यांच्या ह्याच कामात शिकतोय, त्यामुळे राहवलं नाही. आधीच सांगतो, इथे मी कुणाचं निदान करणार नाही, समजावून सांगू शकतो.

आप्पांना जे होतं त्याला स्पायनल ड्यूरल एव्ही फिस्टुला म्हणतात (एव्ही म्हणजे धमनी-शीर, फिस्टुला म्हणजे नको ती जोडणी). मज्जारज्जूभोवती जे जाड आवरण असतं तो ड्यूरा. मणक्यातून नस (मज्जातंतू म्हणतोय, आपल्या भाषेत मज्जातंतू आणि रक्तवाहिनी दोघांनाही नसच) बाहेर पडते तिथे त्या आवरणात एक बारीक धमनी थेट शिरेला जोडली जाते. एरवी दोघींच्या मधे केशवाहिन्यांचं जाळं असतं, तिथे दाब उतरतो. इथे मधलं जाळंच नाही, म्हणून धमनीचा दाब सरळ शिरेत, आणि ती शीर उलटी मज्जारज्जूकडे भरत जाते. रक्तस्राव सहसा होत नाही, फुटत काही नाही. मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडायला जागा मिळत नाही, तो सुजतो आणि प्राणवायूविना हळूहळू मरगळतो. चाललं की दाब वाढतो, बसलं की कमी, म्हणून मळ्याच्या रस्त्यात बसावं लागत होतं. आणि हीच खूण कमरेच्या अरुंद मणक्याची पण आहे, म्हणून फसगत होते.

बहुतेक पेशंट पन्नाशीपुढचे पुरुष. जोडणी बहुतेकदा पाठीच्या खालच्या भागात असते पण मार बसतो तो मज्जारज्जूच्या तळाला, म्हणून पाय, लघवी आणि शौच तिन्ही एकाच माळेत बिघडतात. ती माळ कुणी एकत्र ओवली नाही की वर्ष-दोन वर्षं जातात, आणि हे फक्त खान्देशात होतं असं नाही हो, जगभर होतं. १९२६ साली पॅरिसच्या फ्वा आणि आलाज्वानीन यांनी असे दोन पेशंट लिहून ठेवले. पण मूळ दोष मज्जारज्जूत नाही तर आवरणात आहे आणि तेवढी जोडणी बंद केली तरी पुरतं, हे स्पष्ट व्हायला १९७७ उजाडलं, लंडनच्या केंडल आणि लॉग यांचं काम.

स्टेरॉइडने पाय एकदम जाणं ह्या आजारात माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणजे दिलं त्यांनी मुद्दाम नाही, पण असा पेशंट स्टेरॉइडवर अचानक बिघडला की ती स्वतःच एक खूण धरायची.

केळीबाग_रावेर

डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलं ते मला शेतकऱ्याच्या डोक्याने असं कळलं. शेतातला चारी म्हणजे निचऱ्याचा नाला. त्यात कुणी मोटारीचा पाइपच जोडून दिला. आता नाला उलटा वाहतो, शेतातलं पाणी बाहेर जाईना, शेत चिबडतं. पाणी कमी पडलं म्हणून केळी मरत नाही, पाणी साचलं म्हणून मुळी सडते. आणि आम्ही दीड वर्षं पाणी कमी पडतंय समजून वरून अजून सोडत होतो. बरोबर का?

नसांचा_प्लंबर

दादा, हे "चिबडणं" मी उद्यापासून वॉर्डात वापरणार. इतकं नेमकं आमच्या पुस्तकात नाही.

सडेतोड_तात्या

सगळं ठीक आहे पण मला एक सांगा हे नळ्या घालायचं खूळ आलं कुठून, पूर्वी माणसं मरत होती का सगळी? माझ्या मते हे पैसे काढायचे नवे रस्ते आहेत, हृदयात स्टेंट घालून झाले आता डोक्याकडे वळलेत. अडीच-तीन लाख सहज म्हणतात. पाठ उघडून सरळ शिवून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

नसांचा_प्लंबर

तात्या, रागावू नका, पण तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे आणि पहिला चुकीचा.

ह्या आजारात पाठ उघडून ती शीर बंद करणं हा आजही चांगला उपाय आहे. उलट पहिल्या फटक्यात कायमची बंद होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत जास्तच आहे. नळीवाटे केलं तर काहींत पुन्हा उघडतं, म्हणून नंतर तपासत राहावं लागतं. आणि कधी कधी त्याच धमनीतून मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूला रक्त नेणारी मुख्य वाहिनी निघते, तेव्हा आम्ही नळीतून बुजवायचं औषध सोडतच नाही, सोडलं तर पाय कायमचे जातील, तिथे सर्जनकडेच पाठवतो. म्हणजे कुठलं करायचं हे अँजिओग्राफीत नकाशा बघून ठरतं, दुकानदारीवर नाही (दुकानदारी करणारे नाहीत असं म्हणत नाहीये).

आणि खूळ नवं नाही हो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो पहिल्यांदा काढला १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने. गंमत म्हणजे त्याला १९४९ चं नोबेल मिळालं ते भलत्याच गोष्टीला, मेंदू कापायच्या एका शस्त्रक्रियेला, जी आता कुणी करत नाही. सुई, तार आणि मग तारेवरून नळी, ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगरची, १९५३. मॉस्कोचा सेर्बिनेन्को नळीच्या टोकाला सुटणारा फुगा लावून वाहिन्या बंद करायचा, ते काम त्याने १९७४ ला छापलं. तुमच्या तरुणपणीचं आहे तात्या सगळं.

सडेतोड_तात्या

तरुणपणी आम्हाला कुणी सांगितलं नाही 😄 बरं. पण पैशाचं काय ते बोला.

लेडचा_कोट

मी टेक्निशियन, भुसावळचा, नोकरी पुण्यात कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीची खोली). रावेरच्या दादांना आत काय चालतं ते बाहेर बसून कळलं नसेल म्हणून लिहितो.

मेंदूची अँजिओ तासाभरात होते पण मणक्याची म्हणजे संयमाची परीक्षा. कुठली धमनी दोषी आहे हे आधी माहीत नसतं, म्हणून महाधमनीतून निघणारी बरगडीची एकेक धमनी नळीने हुडकायची, डावी उजवी, डावी उजवी, खालून वर. प्रत्येकीत फोटोत दिसणारं थोडं औषध, श्वास रोखा, फोटो. नाही. पुढची. नाही. पुढची. आमच्या अंगावर शिशाचा कोट, पाच-सहा किलो, चार तास. मूत्रपिंडाला हे औषध किती सोसेल त्याचा हिशेब मी पाटीवर लिहीत असतो. आणि मग अचानक पडद्यावर एका बाजूने बारीक वेडीवाकडी रेघ वर चढायला लागते, नागमोडी, जिथे ह्या वेळेला काहीच दिसायला नको तिथे. खोलीतले सगळे गप्प होतात. तीच ती.

मग केसाएवढी नळी त्या जागेपर्यंत. वाहिनी बुजवायला डिंक वापरला तर तो रक्त लागताक्षणी घट्ट होतो, सलाईनचा थेंब लागला तरी नळीतच गोठेल, म्हणून नळी आधी डेक्स्ट्रोजने धुतात. डिंक धमनीतच थांबला तर उपयोग नाही, शेजारच्या वाटेने पुन्हा चालू होतं. शिरेच्या तोंडापर्यंत पोचला पाहिजे, आणि फार पुढेही नको. सगळा खेळ त्या दोन-चार सेकंदांचा.

केळीबाग_रावेर

आम्हाला डॉक्टरांनी डावी नववी सांगितलं होतं, आता अर्थ कळला. आणि एक प्रश्न राहून गेला होता. बाहेर आणल्यावर आप्पांच्या तोंडाला दोन दिवस लसणाचा भपकारा. आईने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच चोरून ठेचा खाऊ घातला. आयसीयूत कुठला ठेचा!

लेडचा_कोट

हा हा, म्हणजे त्यांना डिंक नाही, ऑनिक्स नावाचं दुसरं बुजवायचं औषध वापरलं. ते ज्या द्रावणात विरघळवलेलं असतं, डीएमएसओ, ते फुप्फुसातून बाहेर पडतं, त्याचा लसणासारखाच वास. एक-दोन दिवसांत जातो. आमच्याकडे नवीन नर्स असली की पहिल्या दिवशी डबा कुणी आणला म्हणून शोधते.

धुळेकरीण

मी पण नळीवाली, फक्त माझी डोक्यात गेली. चार वर्षं झाली. शाळेत शिकवते.

रविवार होता, कळण्याची भाकरी थापत होते. एका क्षणात डोक्यात मागून कुऱ्हाड बसली. सांगण्यासारखं हे आहे की ते वाढत वाढत आलं नाही. मला अर्धशिशी आहे वीस वर्षांपासून, ती कशी येते मला माहीत आहे, आधी डोळ्यापुढे चमकतं मग तासाभराने दुखतं. हे तसं नव्हतंच. एक, दोन म्हणायच्या आत सगळ्यात जास्त. मग ओकाऱ्या, मान ताठ. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. दोन दिवस अंधार करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी बोलताना शब्द चुकायला लागले तेव्हा यांनी सीटी करायला लावला, मेंदूभोवती रक्त. धमनीला फुगा आला होता, सहा मिलिमीटर, तो फुटलेला.

नाशिकला कॉइल केलं. प्लॅटिनमची केसासारखी तार, ती फुग्यात सोडली की आत गुंडाळत जाते, पाच तारा बसल्या. पण मला वाटलं होतं तार बसली म्हणजे सुटलो, तसं नसतं. खरी धाकधूक पुढचे दोन आठवडे, सांडलेल्या रक्ताने मेंदूच्या बाकीच्या धमन्या आकसतात, त्यातून लकवा येऊ शकतो. त्यासाठी निमोडिपिन, दोन गोळ्या दर चार तासांनी, एकवीस दिवस. रात्री दोनला पण आणि सकाळी सहाला पण. घरी आल्यावर यांच्या मोबाइलवर सहा गजर. अजून तो गजर कुणाचा वाजला तर माझ्या तोंडाला गोळीची चव येते.

विमानतळावर वाजत नाही, एमआरआय करता येतो. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं आधीच दिली कारण स्टाफरूममध्ये रोज विचारतात.

सडेतोड_तात्या

ताई तुम्ही बऱ्या झालात आनंद आहे. पण कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चिमटा लावतात ते जास्त पक्कं ना?

नसांचा_प्लंबर

तात्या आज फॉर्मात आहेत. हो, पक्केपणात चिमटा पुढे आहे, कॉइल काहींत दबते आणि पुन्हा भरावी लागते, म्हणून ताईंना अधूनमधून एमआरआय करावा लागतो. पण जगण्याचं आणि स्वतःचं स्वतः करता येण्याचं बघितलं तर, फुगा फुटलेले आणि दोन्ही उपाय शक्य असलेले २,१४३ पेशंट घेऊन एक मोठी चाचणी झाली, आयसॅट, २००२ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी: कॉइलमध्ये २३.७ टक्के, चिमट्यात ३०.६ टक्के. तेव्हापासून पारडं फिरलं. ही सुटी होणारी कॉइल काढली इटलीच्या गुइडो गुलिएल्मीने, लॉस एंजलिसमध्ये काम करताना, पहिला पेशंट १९९० चा. विजेचा हलका प्रवाह सोडला की जोड वितळतो आणि कॉइल आत राहते.

आणि उलट बाजू पण सांगतो. न फुटलेला फुगा साधारण शंभरातल्या तिघांच्या डोक्यात असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. दुसऱ्याच कशासाठी एमआरआय केला, त्यात तीन मिलिमीटरचा दिसला, की लगेच नळी घाला असं नाही. आकार, जागा, बीडी-सिगारेट, बीपी, घरात कुणाचा फुटलाय का, हे बघून ठरतं. कुणी घाई केली तर दुसरं मत घ्या. खुश तात्या?

सडेतोड_तात्या

हे वाक्य आधी लिहायचं.

यावलचा_मास्तर

धागा वाचतोय दोन दिवस, लिहू का नको करत होतो. माझे काका, ७०. पहाटे उठले तर उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. घरात मोठी माणसं म्हणाली वारं गेलं. एकाने सांगितलं कबुतराचं रक्त गरम गरम चोळायचं. चोळलं. मी पुण्याहून येईपर्यंत दुसरा दिवस संपत होता. जळगावला नेलं, सीटी केला, डॉक्टर म्हणाले आता मेंदूचा भाग गेला, आता फक्त सांभाळायचं. काका आहेत, खाटेवर. त्या कबुतराचे पंख अंगणात पडले होते ते मीच गोळा केले. लवकर नेलं असतं तर काही झालं असतं का, खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

नसांचा_प्लंबर

मास्तर, खरं सांगतो. झालं असतंच असं म्हणता येत नाही, पण दारं उघडी होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि घड्याळ चालू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. काका रात्री दहाला ठीक होते आणि पहाटे पाचला असे दिसले तर हिशेब दहापासून, त्यामुळे नुसत्या घड्याळावर ते इंजेक्शन बसत नव्हतं. पण मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून नळी घालून, जाळीत पकडून ओढून काढता येते. २०१५ मध्ये एकामागून एक पाच चाचण्या आल्या, सगळ्यांत फायदा दिसला. २०१८ च्या दोन चाचण्यांनी दाखवलं की निवडक पेशंटमध्ये, स्कॅनवर मेंदू अजून वाचवण्याजोगा दिसत असेल तर २४ तासांपर्यंत सुद्धा. झोपेतून उठल्यावर कळलेला लकवा नेमका ह्याच गटात येतो.

घरच्यांवर राग धरू नका. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी धावतपळत केलं, बसून नाही राहिले.

यावलचा_मास्तर

हं.

नंदुरबारी

आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याकडून माणूस नंदुरबारला यायलाच अर्धा दिवस जातो हो, साडेचार तासांचं गणित सातपुड्यात कुठलं. आणि तिथून पुढे आम्ही नाशिकपेक्षा सुरतला पळतो, जवळ पडतं. पण सुरतला महात्मा फुले योजनेचं कार्ड दाखवलं तर चालत नाही म्हणाले, माझ्या मेहुण्याला खिशातून भरावे लागले. याचं कुणाला माहीत आहे का?

लेडचा_कोट

महात्मा फुले योजना राज्याची आहे, सुरतला नाही चालणार. पण आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यात पण चालतं, योजनेतलं हॉस्पिटल पाहिजे फक्त. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. तात्यांच्या प्रश्नाचं पण उत्तर हेच: ह्या कामात खर्च डॉक्टरपेक्षा सामानाचा जास्त, एकेक कॉइल, एकेक नळी मोजून पैसे, आणि वापरून झाली की फेकायची. ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे जा आणि नेमका प्रश्न विचारा, "ह्या प्रोसीजरचं पॅकेज तुमच्याकडे मंजूर आहे का, सामान त्यात धरलंय का". नुसतं "योजना चालते का" विचारलं की हो म्हणतात आणि मग सामानाची यादी हातात येते.

भरीत_पुरी

हे लई कामाचं लिहिलं. आणि गाडीसाठी १०८.

चाळीसगाव_एक्सप्रेस

थोडं वेगळं पण ह्याच गल्लीतलं. भाचा कन्नड घाटात बाइकवरून पडला, डोक्याला मार, टाके पडले, घरी आला. पंधरा दिवसांनी एक डोळा लाल आणि बाहेर आलेला, आम्ही डोळे आले समजून थेंब टाकतोय. तो म्हणे मामा कानात कुणी भाता मारतंय, सूंऽ सूंऽ, नाडीच्या ठेक्यावर. डोळ्याच्या डॉक्टर बाईंनी पापणीवर स्टेथोस्कोप लावला (हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं) आणि त्यांना पण ऐकू आलं! डोळ्यामागे धमनी फाटून शिरेच्या खोबणीत जोडली गेली होती. ते पण नळीनेच बुजवलं. आवाज टेबलवरच बंद झाला, त्यालाच आधी कळलं, डॉक्टरांना नंतर पडद्यावर.

नसांचा_प्लंबर

बाईंना साष्टांग. पापणीवर स्टेथोस्कोप लावणारे आता कमी राहिले.

केळीबाग_रावेर

मंडळी, अपडेट देतो, उशीर झाला, केळीची कापणी चालू होती. तीन महिने पूर्ण. मागच्या आठवड्यात पुन्हा एमआरआय केला, मज्जारज्जूची सूज बरीच उतरलीय, मागचे काळे ठिपके गेलेत. जोडणी बंदच आहे, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. आप्पा काठीवर चालतात. डावा पाय अजून ओढतात. पोटावरचं बधिरपण गेलंय, आता मांड्यांपर्यंतच आहे. लघवीची नळी काढली, पण दिवसातून दोनदा स्वतः नळी घालून मोकळं व्हावं लागतं, ते कदाचित राहीलच असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाय सुधारतात, लघवीचं मागे राहतं, असंच असतं का?

नसांचा_प्लंबर

बहुतेकदा असंच, दादा. चालणं आधी आणि जास्त सुधारतं, लघवी-शौचाच्या तक्रारी चिवट. आणि बंद करायच्या वेळी माणूस कुठल्या पायरीवर होता त्यावर पुढचं बरंच ठरतं. सुधारणा वर्षभर चालू राहू शकते, व्यायाम सोडू नका.

केळीबाग_रावेर

सोडत नाहीत. काल सकाळी न सांगता मळ्यात गेले. मी मोटरसायकल घेऊन मागे. निम्म्या रस्त्यात बाभळीखाली बसलेले दिसले, माझा जीव वर. म्हटलं आप्पा, पाय जड पडले का परत? तर म्हणाले, "नही रे, चप्पलमा खडा शे."

धुळेकरीण

खडा कळला!!

लेडचा_कोट

दादा, रडवता का.

पारोळा_४२५१

नमस्कार, नवीन सदस्य आहे, हा धागा माझ्या बहिणीने पाठवला. माझे वडील ५८, सात-आठ महिन्यांपासून पाय जड, कमरेचा एमआरआय झालाय, गादीच सांगितलीय, कमरेच्या ऑपरेशनची तारीख पण घेतलीय पुढच्या महिन्यात. लघवीला वेळ लागतो पण ते कुणाला सांगितलं नव्हतं, मीच काल रात्री विचारलं तेव्हा बोलले. आत्ता फिल्म काढून खिडकीशी धरून बघतोय, वरच्या कडेला काही कळत नाही, मला त्यातलं समजतच नाही. काय करू?

नसांचा_प्लंबर

फिल्म तुम्ही बघू नका, आणि फोटो इथे टाकू नका. बहुतेक वेळा गादीच असते, घाबरू नका. पण तारखेच्या आधी एकदा मेंदूच्या फिजिशियनला दाखवा आणि तीन गोष्टी आपणहून सांगा: चाललं की वाढतं का, बधिरपण कुठपर्यंत आलंय, आणि लघवीचं. लघवीचं नक्की सांगा. मधल्या पाठीचा एमआरआय लागेल का ते ते ठरवतील. आणि पाय अचानक गेले किंवा लघवी पूर्ण अडली तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

पारोळा_४२५१

उद्याच धुळ्याला जातो. फिल्म नेली की चालेल ना?

केळीबाग_रावेर

सीडी पण घ्या भाऊ, सेंटरवाल्याकडून मागून घ्या, देतात. आणि वडिलांसमोरच लघवीचं विचारतील तेव्हा तुम्ही बाहेर थांबा, ते मोकळं बोलतील. आमचे आप्पा माझ्यासमोर दीड वर्षं "सगळं ठीक शे" च म्हणत होते.